जुनं प्रेम परत येतं त्या कथा: पटतात का तुम्हाला?

निशिगंधा_न:
हल्ली जी कादंबरी उघडावी तिच्यात हेच. कॉलेजात प्रेम, मग ताटातूट, मग आठ-दहा वर्षांनी तो तिच्याच ऑफिसात नवा बॉस म्हणून हजर. नाहीतर मैत्रिणीच्या लग्नात हळदीच्या दिवशी समोरासमोर. इंग्रजीत लिहिणारे आपले भारतीय लेखक घ्या, मराठी ॲपवरच्या क्रमशः कथा घ्या, वेबसिरीज घ्या, सगळीकडे एक्स परत येतोय.

परत येऊ दे, माझी हरकत नाही. पण मुळात तुटलं का होतं हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही, आणि शेवटच्या वीस पानांत कळतं की तिच्या काकाने फोनवर "तिचं लग्न ठरलंय, परत फोन करू नकोस" असं परस्पर सांगून टाकलेलं. झालं, गैरसमज मिटला, मिठी, समाप्त. म्हणजे दोघांपैकी कुणाचं काहीच चुकलेलं नव्हतं! मग ही दुसरी संधी कसली, पहिलीच होती की, काकामुळे लेट झालेली.

तर प्रश्न असा की अशी एखादी गोष्ट तुम्हाला खरंच पटली आहे का, आणि पटली असेल तर कशामुळे?

चहाटळ:
नवा बॉस म्हणून हजर हे एकदम वास्तववादी आहे हो. माझी एक्स माझी बॉस नाही पण बॉस डिट्टो एक्ससारखा वागतो. मेसेज वाचतो, उत्तर देत नाही, आणि वर्षातून एकदा बोलावून माझ्यात काय कमी आहे ते सांगतो.

मंदाकिनी६१:
चहाटळ, हसून हसून पुरेवाट.

साडेतीन_शहाणा:
निशिगंधा, तुमच्या काकाचा मूळपुरुष सांगतो. दुर्वास.

महाभारतातली शकुंतला वाचली आहे का कुणी, आदिपर्वातली? तिथे शापही नाही आणि अंगठीही नाही. ती पोराला घेऊन दरबारात येते, दुष्यंताला सगळं लख्ख आठवत असतं आणि तरी तो भर सभेत म्हणतो की मी हिला ओळखत नाही. शकुंतला तिथे रडत बसत नाही, चांगली खरडपट्टी काढते त्याची. मग आकाशवाणी होते, आणि हा पठ्ठ्या म्हणतो काय, की मला ठाऊक होतंच, पण नुसत्या हिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती.

आता कालिदासाला याला नायक करायचं होतं. असला माणूस कसा चालेल? म्हणून दुर्वासाचा शाप आला, विस्मरण आलं, पाण्यात पडलेली अंगठी, मासा, कोळी, सगळं आलं. राजा एकदम निर्दोष! नाटक म्हणून थोरच आहे, त्याबद्दल वादच नाही, पण तेव्हापासून आपल्याकडे हिरोला वाचवायचं असेल तर कुणीतरी दुर्वास लागतो. पूर्वी ऋषी होता, मग खाष्ट आई झाली, मग न पोचलेलं पत्र, आणि आता तुमचा काका.

निशिगंधा_न:
साडेतीन_शहाणा, मला नेमकं हेच म्हणायचं होतं पण एवढं जमलं नाही. त्याच्या भर सभेत नाकारण्याची गोष्ट मला जास्त आजची वाटते राव. "लोक काय म्हणतील" म्हणून ओळख न दाखवणारे दुष्यंत गल्लोगल्ली आहेत.

गोदाकाठ:
माझं थोडं वेगळं मत. काकाला इतकं हसू नका. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरात हे झालंय माहीत नाही, आमच्याकडे झालंय.

माझ्या मोठ्या मावशीला एका मुलाची पत्रं यायची, जात वेगळी. आजोबा गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली तर तळाशी कोऱ्या धोतराच्या घडीत निळी आंतर्देशीय पत्रं निघाली, सगळी ब्लेडने कडेने नीट कापून उघडलेली. फाडली नव्हती, जाळली नव्हती, तारखेप्रमाणे लावून ठेवली होती. आजोबा पोस्टात होते, सवयच असणार. मावशी तोपर्यंत दोन मुलांची आई. तिने पत्रं घेतली, वरच्या एकाची तारीख बघितली, आणि म्हणाली, "म्हणजे पावसाळ्यापर्यंत लिहीत होता." एवढंच. नंतर ती त्याला भेटली का वगैरे मला विचारू नका, मी विचारलं नाही.

सांगायचं काय तर आपल्याकडे प्रेम बाहेरच्यांनी मोडणं हा लेखकाचा कामचुकारपणाच असतो असं नाही. जात, पत्रिका, पैसा, बहिणीचं लग्न आधी व्हायला हवं, ही खरी कारणं आहेत.

निशिगंधा_न:
गोदाकाठ, "पावसाळ्यापर्यंत लिहीत होता" वाचून थांबलेच दोन मिनिटं.

पण मला वाटतं तुमच्या आजोबांची गोष्ट आणि माझ्या काकाची गोष्ट वेगळी आहे. आजोबांमागे जात उभी आहे. कादंबरीतल्या काकामागे कोणीच नसतं, तो शेवटी माफी मागून अक्षता टाकायला येतो. आणि पत्र लपवता येत होतं, आज मुलीच्या हातात स्वतःचा फोन आहे. २०१४ पासून व्हॉट्सॲपवर निळ्या टिका दिसतात, म्हणजे वाचलं की नाही तेही कळतं. आता "मला निरोप मिळालाच नाही" कसं चालेल? आज तुटतं ते ब्लॉक केल्यामुळे, आणि ब्लॉक माणूस स्वतः करतो.

टेकडीवरचा:
काका अपडेट झालाय, आता तो फोनचा पासवर्ड बदलतो.

क्रमशः_वाली:
मी इथे नेहमी वाचनमात्र असते पण आज राहवलं नाही. मी एका ॲपवर हेच लिहिते. हो, बॉस, हळद, काका, सगळं लिहून झालंय माझं, तेव्हा आधी शिव्या घालून घ्या मग सांगते.

झाल्या? तर ऐका. मागच्या कथेत मी ठरवून हिरोला खरं दोषी केलं. घरच्यांनी मुलगी दाखवली, नोकरी नवी होती, वडिलांचं ऑपरेशन तोंडावर होतं, आणि तो घाबरला, हो म्हणाला, हिरॉइनला स्वतः तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही म्हणून मित्राला पाठवलं. असा मुलगा आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहे ना? भाग आला आणि खाली कमेंटींचा पाऊस. निम्म्या म्हणतात ह्याला अज्जिबात माफ करू नकोस, निम्म्या म्हणतात ताई प्लीज लवकर एकत्र आणा, आणि एक नियमित वाचक म्हणाली की तो दबावाखाली होता असं दाखव ना, आईने विषाची बाटली उचलली वगैरे. म्हणजे बघा, दुर्वास मी आणत नाही, वाचक मागणी करून आणवतात.

आणि मधल्या वर्षांचे नियम तर विचारूच नका. हिरो मधे लग्न करू शकतो पण बायको बाळंतपणात गेली पाहिजे, मागे एक गोड मुलगी ठेवून. हिरॉइनने शक्यतो करायचंच नाही. केलंच तर नवरा मारकुटा पाहिजे, नाहीतर नुसता कागदोपत्री. बरा नवरा होता, चार वर्षं ठीक संसार झाला आणि मग पटलं नाही, असं मी एकदा लिहिलं. त्या भागाला सगळ्यात कमी तारे पडले.

चहाटळ:
थोडक्यात पहिल्या बायकोचा विमा काढून ठेवावा.

मंदाकिनी६१:
क्रमशः_वाली, तुमचं हे शेवटचं वाक्य फार खरं आहे. बाईला भूतकाळ असला तर तो त्रासाचाच असला पाहिजे. सुखाचा असला तर ती पुढच्याला "उरलेली" वाटते. मी ग्रंथालयात बरीच वर्षं काम केलंय, पुस्तक परत करायला आलेल्या बायका काउंटरवर जे बोलायच्या ते कुठल्या समीक्षेत येणार नाही. एकदा एक बाई म्हणाल्या, हिने याला इतक्या सहज माफ केलं, हिला बहुतेक माहेर नसणार.

अक्षरवेडा:
मला हा सगळा प्रकारच रंजनवादी वाटतो. पडद्यावर बघा, तिथे प्रगल्भता दिसते. 'इजाजत' १९८७ चा. स्टेशनची वेटिंग रूम, पाऊस, पूर्वीचे नवरा-बायको, रात्रभर बोलतात, आणि सकाळी तिचा आत्ताचा नवरा न्यायला येतो. तमिळमधला '९६', २०१८ चा, शाळेतले दोघं बावीस वर्षांनी भेटतात, एक रात्र चेन्नईत फिरतात आणि ती सिंगापूरला आपल्या संसारात परत. बंगालीतला 'प्राक्तन', २०१६, मुंबईहून कोलकात्याला जाणारी गाडी, नायिकेच्या डब्यात तिच्या पूर्वीच्या नवऱ्याची आत्ताची बायको. तिन्हीत कुणीही कुणाकडे परत जात नाही. भेट होते, हिशेब होतो, गाडी सुटते. याला म्हणतात वास्तव.

कोकणकन्या_स्लीपर:
तिन्ही ठिकाणी रेल्वे नाहीतर विमान आहे म्हणून सुटते हो. लिफ्टमध्ये अडकवा, मग बघू.

मंदाकिनी६१:
अक्षरवेडा, परत न जाणं हे आपोआप प्रगल्भ कसं काय? मला तर कधीकधी तो सोपा मार्ग वाटतो. एक रात्र सुंदर बोलायचं आणि निघून जायचं. दुसऱ्या दिवशी गॅसचा नंबर कोणी लावायचा यावरून भांडायची वेळच येत नाही. परत एकत्र आलेली माणसं सकाळी उठून काय करतात हे दाखवणं जास्त अवघड आहे, म्हणून ते कुणी दाखवत नाही, ना सिनेमावाले ना कादंबरीवाले. आणि ज्या बायका दिवसभर राबून रात्री अर्धा तास वाचतात त्यांना शेवट गोड हवा असेल तर त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

साडेतीन_शहाणा:
मंदाकिनीताईंशी सहमत.

रिकामटेकडा_नं१:
अवांतर: प्रत्येक हिरॉइनची बेकरी नाहीतर बुटीक का असतं? कुणीतरी तलाठी हिरॉइन लिहा रे. तो सातबारा काढायला येतो, ती मान वर करते...

चहाटळ:
"सर्व्हर डाऊन आहे," ती म्हणाली. त्याच्या डोळ्यांत दहा वर्षांची प्रतीक्षा होती.

टेकडीवरचा:
भोगवटादार सदरात अजूनही तिचंच नाव होतं.

मंदाकिनी६१:
अरे बास!! चहा सांडला माझा.

वऱ्हाडी_ठेचा:
तलाठी सोडा, आमच्या विदर्भाच्या पोरीचं कोणी नावच काढलं नाही अजून. दमयंती!

परत भेटायच्या गोष्टीत तिच्यावर कोणीच नाही. नळानं जुगारात राज्य घालवलं, जंगलात ती झोपली असताना अर्धं वस्त्र कापून घेऊन पळून गेला. कली अंगात शिरला होता म्हणतात, म्हणजे दुर्वास इथंही हाय. पण पुढचं पाहा ना भाऊ. तो परत यायची वाट पाहत ती बसली नाही. तिनं फक्त अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे निरोप धाडला की उद्याच दमयंतीचं दुसरं स्वयंवर हाय. एका दिवसात अयोध्येहून कुंडिनपुराला रथ कोण आणू शकते? एकटा नळ. तो तिथं बाहुक नावानं सारथी होऊन राह्यला होता, रूपही बदललेलं. रथ आला, म्हणजे निम्मी खात्री झाली. मग दासीला पाठवलं, त्यानं रांधलेलं मागवून चव घेतली. मग पोरं पाठवली त्याच्यासमोर, तो रडला. इतक्या परीक्षा घेतल्यावर मग स्वतः भेटली.

आणि हा बाबा भेटल्यावर काय विचारते? की तू दुसरं स्वयंवर मांडलंच कसं! स्वतः जंगलात टाकून गेला ते राह्यलं बाजूला. हे वाचून मले हसू येते दरवेळी, कारण अगदी असंच असते माणसाचं.

निशिगंधा_न:
वऱ्हाडी_ठेचा, भारी! आणि आता बघा फरक. आजच्या कथेत परीक्षा कोण घेतं? तोच. तो तिची कंपनी विकत घेतो, तिच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतो, तिच्या होणाऱ्या नवऱ्याची माहिती काढतो. याला प्रेम म्हणायचं?

चहाटळ:
याला टेकओव्हर म्हणतात.

काळा_कोट:
मी फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करतो, त्यामुळे या कथांमध्ये एक गोष्ट वाचली की माझं डोकं फिरतं. क्लायमॅक्सला दोघं घटस्फोटाचे कागद फाडतात आणि परत नवरा-बायको होतात. अहो, फाडून काय होतं? डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा, कोर्टाच्या रेकॉर्डला आहे. ती अंतिम झाली की तुम्ही कायद्याने एकमेकांचे कोणी नाही, परत नवरा-बायको व्हायचं असेल तर परत लग्न करावं लागतं, विधीसकट.

दुसरं म्हणजे कायद्यातच एक तयार प्लॉट पडलाय आणि कोणी लेखक त्याला हात लावत नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने परस्पर संमतीचा घटस्फोट आला, कलम १३-ब. आधी किमान वर्षभर वेगळं राहायचं, मग दोघांनी मिळून अर्ज, आणि त्यानंतर सहा महिने थांबायचं. सहा ते अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टापुढे येऊन सांगायचं की हो, आम्हाला अजूनही हेच हवंय. आमच्या भाषेत फर्स्ट मोशन, सेकंड मोशन. हे सहा महिने विचार बदलायलाच ठेवलेत. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की योग्य प्रकरणात ते माफ करता येतात, त्यामुळे आता बऱ्याच जणांना थांबावं लागत नाही. पण डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हे १९९१ च्या निकालापासून आहे.

आता मला सांगा, सेकंड मोशनच्या सकाळी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर दोघं बसलेत, पुकारा व्हायचाय, पंखा बंद आहे. यापेक्षा चांगली वेटिंग रूम कुठली?

क्रमशः_वाली:
काळा_कोट, हे मी चोरतेय. आधीच सांगून ठेवते.

दुसरा_डाव:
काळा_कोट यांनी विषय काढला म्हणून लिहिते. आयडी बघून कळलंच असेल, मी माझ्याच पूर्वीच्या नवऱ्याशी परत लग्न केलंय.

पहिल्यांदा मोडलं ते पैशावरून. तो पगारातला मोठा भाग मला न सांगता भावाच्या धंद्यात घालत होता, मला बँकेचा माणूस घरी आल्यावर कळलं. मारहाण नाही, बाई नाही, व्यसन नाही. त्यामुळे सगळे म्हणायचे एवढ्यासाठी कोणी सोडतं का. मला ते "एवढं" नव्हतं, मी रोज ज्याच्याशेजारी झोपत होते तो रोज खोटं बोलत होता.

काही वर्षांनी आमचं बोलणं सुरू झालं त्यात रोमँटिक काही नव्हतं, एका जुन्या जॉइंट खात्याची सही हवी होती. मग चहा झाला, मग आणखी एकदा झाला. एके दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला आणि एक्सेल शीट उघडून माझ्यासमोर फिरवली. त्यात एक कॉलम होता, "दादाला दिलेले", तारखेसकट, आमच्या लग्नाच्या आधीपासूनचे. शेवटच्या ओळीपुढे लाल रंगात "बंद" लिहिलेलं. सॉरी तो आधी खूपदा म्हणाला होता. मी परत आले ती शीट बघून.

नोंदणीच्या वेळची गंमत सांगते. फॉर्ममध्ये वर घटस्फोटित, वधू घटस्फोटित. क्लार्क म्हणाला, दोघांच्या डिक्रीची प्रत लागेल. आम्ही एकाच डिक्रीच्या दोन प्रती ठेवल्या. तो एकदा वर बघतो, एकदा खाली, मग म्हणाला, "एकच जोडा, दुसरी राहू द्या." माझी आई मात्र आली नाही. म्हणाली एकदा आहेर केला, एकदा तुला घरी आणलं, आता मला नाटकं जमत नाहीत. ती वर्षभराने बोलायला लागली.

मंदाकिनी६१:
दुसरा_डाव, तुमच्या आईचं बोलणं ऐकून हसू की रडू झालं. फार छान लिहिलंत.

अक्षरवेडा:
यावर कादंबरी मी वाचेन. खरंच.

चहाटळ:
मी आत्ताच बायकोला न सांगता घेतलेल्या हेडफोनची एन्ट्री करून आलो.

धूसर_निळा:
एक बाजू कोणीच मांडली नाही म्हणून. निशिगंधाचं म्हणणं असं दिसतं की कारण बाहेरचं असेल तर ती खरी दुसरी संधी नाही. माझ्यासारख्यांसाठी हे उलटं आहे. आम्ही दोघं मुलं होतो आणि तुटलं तेव्हा असे संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जिवंत होतं. तो घाबरला, मी घाबरलो, कोणाची चूक म्हणणार? ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं. त्या रात्री मला त्याचा इतक्या वर्षांनी मेसेज आला, नुसतं "बघितलंस?"

पुढे काही झालं नाही, त्याचं लग्न होऊन गेलं होतं, मुलीशी. २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मिळालाच नाही, त्यामुळे तेही दार बंदच. पण एक गोष्ट अशी लिहिता येईल की नाही, जिथे माणसं तीच आहेत आणि बदललंय ते जग? तिथे काका खोटा नसतो.

गोदाकाठ:
धूसर_निळा, मी वर तेच म्हणत होते पण तुम्ही जास्त नेमकं सांगितलंत.

निशिगंधा_न:
धूसर_निळा, पटलं. मग माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला आता असं दिसतंय, की ज्यामुळे तुटलं ते कारण, आतलं असो नाहीतर बाहेरचं, ते दुसऱ्या वेळी गोष्टीत हजर पाहिजे. त्याला हात लावून बघता आला पाहिजे. दादाला दिलेले पैसे, कलम, जात, जे असेल ते. आमच्या कादंबऱ्यांमध्ये दहा वर्षांनी फक्त हिरोचे खांदे रुंद झालेले असतात.

रिकामटेकडा_नं१:
आणि हिरॉइनचे केस लहान.

वऱ्हाडी_ठेचा:
पण मी म्हणतो जात हजर ठेवली तर पुस्तक खपते का? लोकायले प्रेम पाहिजे, जात नको. आडनावंच अशी ठेवतात की काही कळू नये.

क्रमशः_वाली:
खपतं का माहीत नाही, पण आडनावाचं खरं आहे. माझ्या पाच कथांमधले तीन हिरो इनामदार आहेत.

बरं, काळा_कोट आहात का? तातडीचं काम आहे. सध्याच्या कथेत सेकंड मोशन घालायचं ठरवलंय, पुढचा भाग शुक्रवारी टाकायचाय. पण भाग ३७ मध्ये डिक्री होऊन गेलीये, आणि भाग ३८ मध्ये हिरोने ती फाडून समुद्रात टाकलीये. वाचकांना तो सीन फार आवडलाय, काढता येणार नाही. आता काय करू?

काळा_कोट:
डिक्री झाली म्हणजे सेकंड मोशन होऊन गेलं. आता परत लग्नच लावा. आणि त्याला आधी कोर्टात सर्टिफाइड कॉपीचा अर्ज करायला पाठवा, नोंदणीला लागेल.

क्रमशः_वाली:
किती दिवस लागतात त्याला?

काळा_कोट:
तुमचे चार-पाच भाग सहज निघतील.